गदा एका हातात, ढाल दुसऱ्या हातात: समस्त डीएम मंडळींना खुले पत्र

मराठीत टेबल चालवणाऱ्या समस्त डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट रचून नियम सांभाळणाऱ्या) मंडळींस,

स.न.वि.वि.

पत्र डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत पात्रं रंगवायच्या खेळाबद्दल आहे, आणि त्यातही फक्त हातांबद्दल. पात्रांच्या हातांत काय आहे, किती आहे आणि ते भरलेले असताना मंत्र म्हणता येतो की नाही, एवढ्याच विषयावर मी तुमची पंधरा मिनिटं खाणार आहे. मध्यंतरी याच विषयाने आमच्या टेबलाची चाळीस मिनिटं खाल्ली आणि वर एक पात्रही खाल्लं, त्यामानाने हे स्वस्त आहे.

मी गेली सहा वर्षं क्लेरिक, म्हणजे देवाच्या जोरावर मंत्र म्हणणारी पुजारीण, खेळते. त्याआधी विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळायचे. तीन विझार्ड मेले तेव्हा ठरवलं, की देवाचं नाव घ्यायचं ते अंगात चिलखत घालूनच.

आधी त्या दिवसाचं सांगते. तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं, दोरखंडाचा झुलता पूल आणि पुलावर मधोमध ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. माझी मावसबहीण तिसऱ्याच रविवारी खेळायला बसली होती. तिचं पात्र रोग, म्हणजे चोरपावलांची भामटी. (हा शब्द टेबलावर निघाला की आतून आजी विचारते, "कोणाला गं?") तर ही रोग ओगरच्या पायाशी शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे बेशुद्ध, पडलेली आणि एक डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा, तीन हुकले की मेली) हुकलेला. माझी पाळी आली. ढाल हातात होतीच. मी म्हटलं, गदा उपसते आणि पुढे होते. पुढे झाले, बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि विचार बदलला. ओगर गेला खड्ड्यात, आधी हिला उठवू. "क्युअर वून्ड्स," म्हणत मी आठ बाजूंचा फासा उचलला.

"कुठल्या हाताने?" डीएमने विचारलं.

आठ महिने हे कॅम्पेन, म्हणजे एकच लांब गोष्ट, चालू होतं. आठ महिन्यांत हा प्रश्न कोणालाही, एकदाही विचारला गेला नव्हता.

पुस्तकाप्रमाणे डीएमचं काही चुकलं नव्हतं, हे आधीच लिहून टाकते. गदा उपसण्यात त्या टर्नमधलं फुकटचं ऑब्जेक्ट इंटरॅक्शन (एखादी वस्तू काढायची-ठेवायची मुभा) संपलं होतं. ती परत कमरेला अडकवायची तर टर्नमधली मुख्य कृती, म्हणजे अ‍ॅक्शन जाणार, आणि अ‍ॅक्शन गेली की मंत्र कशाने म्हणणार? ढाल उतरवायलाही अ‍ॅक्शनच लागते. विझार्डवाला ओरडला, "टाक ना गदा!" डीएम म्हणाले, खुशाल टाक, पण फळ्यांमध्ये फटी आहेत आणि फटींखाली नदी आहे. ती गदा साधी नव्हती, प्लस वन, म्हणजे जादूची होती. दोन महिने खपून मिळवलेली.

टाकता आली असती. टाकली नाही. ओगरला हाणलं, वीसच्या फाशावर ४ पडले. मग ओगरची पाळी. बेशुद्ध पडलेल्याला पाच फुटांच्या आतून घाव लागला की तो आपोआप क्रिटिकल (वर्मी बसलेला), आणि क्रिटिकल म्हणजे एकदम दोन डेथ सेव्ह हुकले. एक आधीचा. झाले तीन.

बहीण काही बोलली नाही. पेन्सिलीने भरलेली कॅरेक्टर शीट तिने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली.

गदेचा मोह मला नडला, हे कबूल. हीलिंग वर्ड त्या दिवशी तयार केला नव्हता, हेही कबूल. त्याला नुसतं तोंड लागतं, हात लागतच नाही, साठ फुटांवरून, मुख्य कृती न खर्चता, बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो. पण सकाळी यादी करताना त्याच्यापुढे चार बाजूंचा फासा दिसला, क्युअर वून्ड्सपुढे आठ बाजूंचा, आणि मी नाक मुरडलं. तेव्हा हे पत्र "माझ्यावर अन्याय झाला" म्हणून नाही. हा नियम मी पाठ म्हणून दाखवू शकते आणि तरीही त्यात अडकले, म्हणून आहे.

नियम आता नीट मांडते, कारण चाळीस मिनिटांच्या वादात लक्षात आलं की टेबलावरच्या पाच जणांच्या डोक्यात पाच वेगळे नियम होते.

मंत्राला तीन गोष्टी लागू शकतात: तोंडाने उच्चार, हाताने हातवारे आणि सामग्री. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकप्रमाणे हातवाऱ्यांसाठी निदान एक हात मोकळा हवा. सामग्री बटव्यातून काढायला किंवा तिच्याऐवजी चालणारा फोकस (देवाचं चिन्ह, काठी असं काही) धरायलाही हात हवा. आणि मग एक छोटंसं वाक्य येतं, की सामग्रीचा हात आणि हातवाऱ्यांचा हात एकच असला तरी चालेल. सगळं महाभारत या वाक्यातून निघालेलं आहे.

माझ्या ढालीवर देवाचं चिन्ह कोरलेलं आहे, म्हणून ढाल हाच माझा फोकस. मला ब्लेस म्हणायचा आहे असं धरा. त्याला तोंड, हात, सामग्री तिन्ही लागतात. सामग्री म्हणजे पवित्र पाण्याचे शिंतोडे. पाण्याच्या जागी ढाल चालते, आणि सामग्रीचा हात तोच हातवाऱ्यांचा हात, म्हणून गदा न सोडता ढालीच्या हाताने ब्लेस होऊन जातो. आता क्युअर वून्ड्स. त्याला तोंड आणि हात लागतात, सामग्री लागत नाही. सामग्री नाही म्हणून फोकसचा संबंध नाही. फोकसचा संबंध नाही म्हणून ढालीचा हात नुसता ढालीने अडलेला हात. मंत्र होत नाही.

म्हणजे ज्या मंत्राला जास्त साहित्य लागतं तो भरल्या हातांनी जमतो, आणि ज्याला काहीच साहित्य लागत नाही तो अडतो. पुरणपोळी लाटता येते, पण पाणी गरम करता येत नाही.

कोणी म्हणेल, तू जास्त कीस पाडतेस. कीस मी पाडलेला नाही. खेळाच्या कर्त्यांच्या अधिकृत खुलाशांत, सेज अ‍ॅडव्हाइसमध्ये, नेमकं गदा-ढालवाल्या क्लेरिकचंच उदाहरण आहे: एड हा मंत्र ढालीच्या हाताने चालेल, क्युअर वून्ड्ससाठी गदा किंवा ढाल बाजूला ठेवावी लागेल, आणि हे नको असेल तर वॉर कास्टर हे फीट (पात्राने वर घ्यायचं कसब) आहे. याच न्यायाने शील्ड ऑफ फेथ आणि स्पिरिट गार्डियन्स सुटतात. सेक्रेड फ्लेम, गाइडिंग बोल्ट, स्पिरिच्युअल वेपन अडकतात. शेवटचं तर बघाच. हवेत तरंगणारं, कोणी हात न लावता लढणारं शस्त्र, आणि ते बोलवायला हात रिकामा पाहिजे! २०२४ च्या नव्या हँडबुकात शब्दरचना बदलली, पण ही गाठ सुटली नाही. क्युअर वून्ड्सचे फासे एकाचे दोन झाले. हात तेवढेच.

इथपर्यंत मी एकवेळ हसून सोडलं असतं. माझा खरा राग पुढे आहे.

त्याच पुलावर आमचा विझार्ड उभा होता. एका हातात काठी, हा त्याचा फोकस. दुसऱ्या हातात मशाल. आठ महिन्यांत त्याने शील्ड हा मंत्र किती वेळा म्हटला असेल याची मोजदाद नाही. घाव येतोय म्हटलं की दुसऱ्याच्या पाळीतली झटपट रिअ‍ॅक्शन, आर्मर क्लास (जितका जास्त तितका घाव लागणं अवघड) पाचने वर. शील्डला काय लागतं? तोंड आणि हात. सामग्री नाही. म्हणजे तोच मंत्रप्रकार, तीच अडचण: काठीचा हात चालत नाही, मशालीचा हात मोकळा नाही. नियमाप्रमाणे हा गृहस्थ पाचव्या लेव्हलला पोचला की काठी-मशाल घेऊन फायरबॉल टाकू शकेल, कारण फायरबॉलला सामग्री आहे. पण समोरून आलेला बाण अडवायला शील्ड म्हणू शकत नाही. हे त्याला कोणी विचारलं? ज्या दिवशी मला विचारलं त्या दिवशीही नाही.

मंडळी, हे फक्त आमच्याच टेबलावर होत नाही. मी चार-पाच टेबलांवर बसले आहे, पाहुणी म्हणून आणखी काहींवर. हाताचा हिशोब विचारला जातो तो नेहमी गदावाल्याला, ढालवाल्याला, पॅलाडिनला (देवाच्या नावाने लढणाऱ्या योद्ध्याला). त्यांच्या हातातल्या वस्तू चित्रात ठळक दिसतात ना. विझार्डची काठी ही जणू त्याच्या शरीराचाच भाग, आणि मशाल तर अंधार पडला की उगवते आणि पुढे कोणाच्या हातात आहे हे कोणालाच आठवत नाही. एखाद्या गोष्टीचा हिशोब ठेवायचा तर सगळ्यांचा ठेवा. नाहीतर कोणाचाच नको.

नियम मुळात आला कुठून, हे पाहिलं तर तो तितका अवास्तव वाटत नाही, हेही मान्य करते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या हँडबुकात मंत्रांपुढे तोंड-हात-सामग्रीची ती तीन अक्षरं आहेत. त्यात विनोदही भरपूर. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक, म्हणजे बंदुकीच्या दारूचा बराचसा मसाला. दुसऱ्याच्या मनातलं वाचायला तांब्याचं नाणं, कारण गप्प बसलेल्याला इंग्रज "एक पेनी देतो, काय विचार करतोयस सांग" असं म्हणतात. लाइटनिंग बोल्टला फरचा, म्हणजे केसाळ कातडीचा तुकडा आणि काचेची कांडी: शाळेत कांडी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तीच स्थिर वीज. थट्टा सोडली तरी हेतू पक्का दिसतो. विझार्डला पकडलं, हात बांधले, तोंडात बोळा कोंबला, तर तो निकामी झाला पाहिजे. नाहीतर तुरुंगाची गोष्ट रंगणार कशी?

पुढे प्रत्येकाने हे आपल्या परीने हाताळलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पात्रांच्या लढाईतल्या मंत्रांना ही तीन अक्षरं ठेवलीच नाहीत. २०१४ मध्ये ती परत आली. शेजारच्या पाथफाइंडर या खेळाने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं, की हातात वस्तू असली तरी हातवारे करता येतात, फक्त जखडलेले नको. आणि २०२३ च्या सुधारित पुस्तकांत तर तोंड-हात-सामग्री ही विभागणीच काढून टाकली. त्याच वर्षी आलेल्या बाल्डर्स गेट थ्री या व्हिडिओ गेममध्ये क्लेरिक गदा-ढाल घेऊन खुशाल सगळे मंत्र म्हणते. आमच्याकडे येणारी निम्मी नवी मुलं तो गेम खेळून येतात. "कुठल्या हाताने?" हा प्रश्न त्यांना परग्रहावरचा वाटतो. माझी बहीणही त्यातलीच.

म्हणून मी "नियम काढूनच टाका" म्हणेन असं तुम्हाला वाटत असेल. नाही म्हणत. पाथफाइंडरवाल्यांचं त्यांना लखलाभ. मला हातांचा हिशोब आवडतो. ढाल घेतली की आर्मर क्लास दोनने वाढतो, त्याची किंमत एक हात. मशालीची किंमत एक हात. जखमी सोबत्याला दंडाला धरून ओढायचं तर एक हात. माणसाला दोनच आहेत म्हणून तर निवड करावी लागते, आणि निवड करावी लागते म्हणून खेळात मजा आहे. महिषासुरमर्दिनीला वॉर कास्टर घ्यावं लागलं नसतं, पण तिचं पात्र खेळायला मिळतंय कोणाला?

खेळाच्या कर्त्यांनीही भरल्या हातांचा विचार केलेला दिसतो. हीलिंग वर्ड नुसत्या तोंडाचा. मिस्टी स्टेप नुसत्या तोंडाचा. पॅलाडिनच्या हातात कायम काहीतरी असतं, म्हणून त्याचे घावाला जोडायचे स्माइटचे मंत्र तोंडाचे. २०२४ मध्ये डिव्हाइन स्माइटलाच मंत्र केलं, तेव्हा तोही तोंडाचाच ठेवला. काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र मोडणारा, उलटा, नुसत्या हाताचा, म्हणून तोंड बांधलेला विझार्डही तो करतो. हे सगळं विचारपूर्वक आहे. पण या विचाराचा उपयोग ज्याला नियम आधीपासून माहीत आहे त्यालाच. "हात मोजले जाणार" हे मला पहिल्या रविवारी कळलं असतं, तर मी हीलिंग वर्ड तयार ठेवला असता. विझार्डने लाइट घेतला असता. त्याला तोंड आणि सामग्री लागते, हातवारे नाहीतच. काठीच्या टोकावर उजेड लावायचा आणि मशाल फेकून द्यायची. एक हात कायमचा मोकळा. पात्र बनवतानाच्या अशा बारीकसारीक निवडींत या नियमाचा जीव आहे. कोणीतरी शेवटचे श्वास मोजत असताना पहिल्यांदा बाहेर काढलात, तर तो सापळा होतो. मग पोरं हातांकडे बघायला शिकत नाहीत, डीएमच्या तोंडाकडे बघायला शिकतात.

आता त्या गाठीकडे येते, ढालीच्या हाताने ब्लेस होतो पण क्युअर वून्ड्स होत नाही त्या.

गणपतीत आमच्या सोसायटीत गुरुजी आरतीला उभे राहतात तेव्हा त्यांच्या डाव्या हातात घंटा असते आणि उजव्या हातात निरांजन. दोन्ही हात भरलेले. पण "गुरुजी, एक हात मोकळा करा, मग ओवाळा" असं कोणी म्हणतं का? घंटा आणि निरांजन हे अडथळे नाहीतच, ओवाळणं होतं तेच त्यांनी. त्याच गुरुजींच्या हातात कोणी भाजीची पिशवी आणि छत्री दिली तर मात्र आरती थांबेल. फरक हात भरलेला असण्या-नसण्यात नाही, कशाने भरलाय त्यात आहे. देवाचं चिन्ह कोरलेली ढाल क्लेरिकसाठी निरांजन आहे, विझार्डची काठीही तशीच. गदा मात्र पिशवी, आणि मशाल छत्री.

एवढं मान्य केलंत तर गाठ आपोआप सुटते. फोकस धरलेला हात हातवाऱ्यांना चालतो, मंत्राला सामग्री असो वा नसो. माझ्या टेबलावर, म्हणजे मी डीएम असते तेव्हा (वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात), मी हेच चालवते. दोन्ही हातांत पिशवी-छत्री असेल, म्हणजे तलवार आणि मशाल, किंवा दोन तलवारी, तर एक खाली ठेवावीच लागते. आणि ज्या सामग्रीला किंमत लिहिलेली आहे तिच्यासाठी हात मोकळाच हवा, तिथे फोकस चालत नाही. रिव्हिव्हिफायचे ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे बटव्यातून काढायला खरीखुरी बोटं लागतात. मेलेल्याला परत आणताय, गदा तेवढी बाजूला ठेवा की.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. पहिला: "मग वॉर कास्टर कोण घेणार?" जे आज घेतात तेच. मी ओळखते त्यातल्या बहुतेकांनी ते घाव लागूनही मंत्र चालू ठेवायच्या, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन टिकवायच्या सेव्हवर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो म्हणून घेतलंय, आणि पळणाऱ्या शत्रूला घावाऐवजी मंत्र मारता येतो म्हणून. शिवाय एल्ड्रिच नाइट (मंत्र येणारा फायटर) तलवार-ढाल घेऊन उभा असतो, त्याच्या ढालीवर कुठलं निरांजन? त्याला ते लागणारच. फीट विकलं जावं म्हणून नियमात खड्डा ठेवायचा, हे मला रस्त्याच्या कंत्राटासारखं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त खमंग आहे: "अगं, इतकं कशाला? गदा खाली टाकायची, मंत्र म्हणायचा, गदा उचलायची." टाकायला काही लागत नाही असं २०१४ च्या नियमांनी खेळणारी बहुतेक टेबलं धरतात, आणि उचलायला फुकटचं इंटरॅक्शन आहेच. टर्न संपताना दोन्ही हात पुन्हा भरलेले. कागदावर बिनचूक. पण हे डोळ्यांसमोर आणा. युद्ध चाललंय, देवाची सेविका दर सहा सेकंदांनी गदा धप्पकन पायाशी टाकते, हात ओवाळते, वाकून गदा उचलते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ताट सावरत पदर सावरणाऱ्या मुलीसारखं ध्यान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि त्यातला खरा दोष असा, की सपाट जमिनीवर या युक्तीची किंमत शून्य आणि झुलत्या पुलावर अख्खी गदा. म्हणजे नियम कधी चावणार ते डीएमने जमीन कशी रंगवली त्यावर. २०२४ च्या पुस्तकात शस्त्र काढणं-ठेवणं हल्ल्याला जोडलं आणि ठेवण्यात टाकणंही धरलं, त्यामुळे या युक्तीला लगाम बसतो असं बरीच टेबलं मानतात. माझ्या मते फोकसचा हात चालवून घेतला, की या कवायतीची गरजच उरत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली, ती रिअ‍ॅक्शनची. शील्ड, काउंटरस्पेल हे दुसऱ्याच्या टर्नमध्ये होतात. तेव्हा वस्तू काढता-ठेवता येत नाहीत. टर्न संपताना हात जसे होते तसेच राहतात. म्हणून प्रत्येकाने आपला टर्न संपवताना हात कसे आहेत ते म्हणून टाकावं. "डावीकडे काठी, उजवा रिकामा." तीन सेकंद लागतात. पहिल्या दोन सेशनला विसरतात, तिसऱ्यापासून सवय होते.

याच्यासाठी मी एक साधन केलंय, ते सांगते आणि थांबते. आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग आहे. पत्रिकेचा कागद जाड, फेकवत नाही. त्यातून तळहाताच्या आकाराचे तुकडे कापले, प्रत्येक पात्राला दोन, डावा आणि उजवा. एकाच्या पाठीवर अजून "चि. सौ. कां." एवढं वाचता येतं. मग छोट्या चौकोनांवर लिहिलं: ढाल, गदा, काठी, मशाल, दोर, आणि एकावर "बेशुद्ध सोबती". जे हातात असेल त्याचा चौकोन त्या तळव्यावर. फोकस असेल तर चौकोनाला कुंकवाच्या रंगाची कड, म्हणजे हा हात मंत्राला चालतो. दोन हातांनी चालवायच्या तलवारीचा चौकोन लांब आहे. हल्ला करताना तो दोन्ही तळव्यांवर आडवा ठेवायचा, बाकी वेळी एकाच तळव्यावर, कारण तिला दोन हात लागतात ते वार करतानाच. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी विझार्डवाल्याने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं आणि न सांगता मशालीचा चौकोन काढून फायटरच्या तळव्यावर ठेवला. फायटरवाला ओरडला, "माझ्याकडे धनुष्य आहे!" आणि त्यावर दहा मिनिटं जे भांडण झालं ते त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं खेळणं होतं.

खेळाचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर खुला आहे, त्यामुळे त्यातला तोंड-हात-सामग्रीचा भाग मराठीत उतरवून टेबलावर ठेवायला कोणाची आडकाठी नाही. माझं अर्धं पान तयार आहे, त्याखाली आमच्या टेबलाचे बदल वेगळ्या शाईत. तुमचे बदल वेगळे असतील. तुम्ही पुस्तकाला अक्षरशः धरून चालणार असाल तरी माझी तक्रार नाही, मी गदा अडकवून ठेवेन आणि हीलिंग वर्ड घेईन. मागणी एवढीच, की पात्रं बनवायला बसतो त्या पहिल्या दिवशी सांगा, आणि विझार्डलाही सांगा.

आपली,
एक क्लेरिक
(रविवारचं टेबल, पुणे)

ता. क. ती प्लस वन गदा मी पुढच्याच गावात विकली, हातात धरवेना. मावसबहीण पुन्हा यायला लागली आहे. या वेळी तीही क्लेरिक आहे, आणि तिने ढाल घेतलेली नाही. तिच्या डाव्या तळव्यावर चौकोन नसतोच. दर टर्नच्या शेवटी ती तो कोरा तुकडा उचलून डीएमच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "रिकामा आहे, लिहून घ्या."